क्रिटिकल बिंदूवर एंटँगलमेंटचं शिखर का दिसत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी विचारणाऱ्याने आडव्या चुंबकीय क्षेत्रातली आयसिंग साखळी घेतली, म्हणजे शेजाऱ्यासारखीच दिशा (वर किंवा खाली) धरू पाहणाऱ्या स्पिनांची, इवल्या क्वांटम चुंबकांची, ओळ. १६ स्पिनांची रिंग, शेजाऱ्या-शेजाऱ्यांत 'जे' (J) इतक्या ताकदीची जोडणी आणि त्यावर 'एच' (h) इतकं आडवं क्षेत्र. एच = जे झालं की क्वांटम अवस्थांतर होतं (हाच क्रिटिकल बिंदू), हे पुस्तकात आहे. "अवस्थांतराच्या वेळी एंटँगलमेंट सर्वात जास्त असतं" असं एका व्याख्यानात ऐकलेलं (एंटँगलमेंट म्हणजे स्पिनांची अशी क्वांटम गुंतागुंत की एकेकाची अवस्था वेगळी सांगताच येत नाही). प्रत्यक्षात दोन शेजारी स्पिनांचा कॉन्करन्स (दोघांतल्या एंटँगलमेंटचं ० ते १ मधलं माप) काढला तर शिखर भलतीकडेच आलं, आणि अर्ध्या साखळीची एंट्रॉपी (तुकड्याचं उरलेल्या भागाशी किती एंटँगलमेंट आहे त्याचं माप) काढली तर ती क्षेत्र कमी करत नेल्यावर १ बिटवर जाऊन बसली. कोड चुकलाय का? आणि हे सगळं प्रयोगशाळेत खरंच मोजता येतं का?

कोड बहुधा बरोबर आहे. पण आधी तेच तपासून घ्या, कारण या साखळीचं उत्तर अचूक माहीत आहे आणि अशी सोय फार थोड्या मॉडेलांत असते. बरोबर एच = जे वर, एन स्पिनांच्या रिंगची सर्वात कमी ऊर्जा उणे २जे भागिले साइन (पाय/२एन) इतकी येते. १६ स्पिनांसाठी ती −२०.४०५ जे. हा आकडा तिसऱ्या दशांशापर्यंत जुळला नाही तर पुढचं काहीही वाचू नका, आधी सीमेची अट बघा. रिंग बंद करायची राहून जाणं, म्हणजे शेवटचा स्पिन पहिल्याशी न जोडणं, ही नवशिक्यांच्या कोडमधली सर्वात नेहमीची गोष्ट. दुसरी खूण: क्षेत्राच्या दिशेचं सरासरी चुंबकत्व आणि शेजाऱ्यांमधला आयसिंग-दिशेचा सहसंबंध हे दोन्ही या बिंदूवर अगदी सारखे असतात. १६ च्या रिंगमध्ये दोन्ही ०.६३८ च्या आसपास, अनंत साखळीत २/पाय, म्हणजे ०.६३७. हा योगायोग नाही. जे आणि एच यांची अदलाबदल केली तरी ऊर्जेचं सूत्र तेच राहतं, त्याचा हा परिणाम.

आता मूळ मुद्दा. "एंटँगलमेंट सर्वात जास्त" या वाक्यात कुणाचं कुणाशी, हे सांगितलेलंच नाही. दोन स्पिनांचं आपसात? एका स्पिनचं उरलेल्या सगळ्यांशी? का एका तुकड्याचं दुसऱ्या तुकड्याशी? तिन्ही राशी वेगळ्या आहेत आणि क्रिटिकल बिंदूजवळ त्या तीन वेगळ्या तऱ्हांनी वागतात.

जोडीपासून सुरुवात करू. दोन स्पिनांची मिळून जी घनता-मॅट्रिक्स, म्हणजे त्या दोघांचीच अवस्था सांगणारी मॅट्रिक्स, उरते, तिच्यावरून कॉन्करन्स काढायचं सूत्र वूटर्सने १९९८ मध्ये दिलं. ते आयसिंग साखळीला लावून २००२ मध्ये दोन गटांनी, ऑस्टरलो-अमिको-फाल्ची-फात्सियो आणि ऑस्बोर्न-नील्सन यांनी, जवळपास एकाच वेळी निकाल मांडले. शेजाऱ्यांचा कॉन्करन्स क्रिटिकल बिंदूवर सर्वात जास्त नसतो. त्याचं शिखर जास्त क्षेत्राच्या बाजूला, म्हणजे विस्कळीत अवस्थेत असतं. तुम्हाला दिसलं ते हेच. क्रिटिकल बिंदूवर खास काही घडतं ते त्याच्या उतारात. जे/एच च्या सापेक्ष काढलेलं डेरिव्हेटिव्ह तिथे लॉगच्या गतीने उणे अनंताकडे जातं, आणि त्या लॉगचा गुणक ८/(३ पाय वर्ग), म्हणजे ०.२७०. तुमच्या रिंगमध्ये अनंत दिसणार नाही, एक खड्डा दिसेल. स्पिन वाढवत गेलात की तो खोल होत जाईल, खोली एनच्या लॉगबरोबर त्याच ०.२७० च्या हिशेबाने वाढेल आणि खड्ड्याची जागा एच = जे कडे सरकेल. ८, १०, १२, १४, १६ असे आकार घ्या, डेरिव्हेटिव्हचे आलेख एकावर एक काढा. एकट्या १६ च्या आलेखावरून अवस्थांतराबद्दल काहीही म्हणता येत नाही. परीक्षकाने विचारायच्या आत स्वतःच हे विचारलेलं बरं.

उतारच का, उंची का नाही? कारण साधं आहे, तरी अनेक प्रबंधांत ते लिहिलेलं नसतं. दोन स्पिनांच्या घनता-मॅट्रिक्समधले महत्त्वाचे घटक म्हणजे ऊर्जेची जे आणि एचच्या सापेक्ष पहिली डेरिव्हेटिव्हं. हे अवस्थांतर दुसऱ्या क्रमाचं आहे, म्हणजे ऊर्जेचं पहिलं डेरिव्हेटिव्ह सलग राहतं आणि दुसरं फुटतं. कॉन्करन्स पहिल्यापासून बनलेला, म्हणून तो सलग. त्याचा उतार दुसऱ्यापासून बनलेला, म्हणून तो फुटतो. पहिल्या क्रमाचं अवस्थांतर असतं तर कॉन्करन्सनेच उडी मारली असती. वू, सरांडी आणि लिडार यांनी २००४ मध्ये हा युक्तिवाद सर्वसाधारण रूपात मांडला. त्यातून एक जरा निराश करणारी गोष्ट बाहेर पडते: जोडीचं एंटँगलमेंट अवस्थांतराबद्दल जे सांगतं, ते बऱ्याच अंशी ऊर्जेच्या डेरिव्हेटिव्हनेही सांगितलंच असतं. उलट कॉन्करन्सच्या सूत्रात "शून्य किंवा अमुक, यातलं जे मोठं ते" अशी अट आहे. तिच्यामुळे, किंवा दोन पर्यायांतल्या मोठ्याची निवड बदलल्यामुळे, आलेखाला कोपरा येऊ शकतो आणि तिथे कुठलंही अवस्थांतर नसतं. कोपरा दिसला की आधी ऊर्जेचं दुसरं डेरिव्हेटिव्ह काढून बघायचं, मग बोलायचं.

या जोडीच्या हिशेबातली खरी गंमत आकड्यांत आहे. अनंत साखळीसाठी एच = जे वर सहसंबंध अचूक माहीत आहेत: आयसिंग-दिशेत २/पाय, क्षेत्राच्या दिशेत १६/(३ पाय वर्ग), आणि तिसऱ्या दिशेत उणे २/(३ पाय). ते सूत्रात घातले की शेजाऱ्यांचा कॉन्करन्स ०.१९५ येतो. कागद-पेन्सिलीने पाच मिनिटांत होतं, करून बघा. एक सोडून पुढच्या स्पिनशी तो अगदी इवलासा, आणि तीन किंवा जास्त अंतरावर शून्य. जवळपास शून्य नव्हे, नेमका शून्य. आणि याच बिंदूवर आयसिंग-दिशेचा सहसंबंध अंतराच्या पाव घाताने, म्हणजे फार सावकाश कमी होतो. शंभर स्पिन पलीकडेही तो ठळक असतो. सहसंबंध लांबवर पसरलेला आणि जोडीचं एंटँगलमेंट दोन पावलांत संपलेलं, हे चित्र पहिल्यांदा बघताना पटत नाही.

ते पटायला एकनिष्ठतेचा नियम लागतो. कॉफमन, कुंडू आणि वूटर्स यांनी २००० मध्ये तीन क्यूबिटांसाठी (क्यूबिट म्हणजे दोनच पातळ्यांची क्वांटम वस्तू, जसा आपला स्पिन) तो सिद्ध केला, आणि ऑस्बोर्न-व्हर्स्ट्राटे यांनी २००६ मध्ये कितीही क्यूबिटांसाठी. एका स्पिनचे इतर प्रत्येकाशी असलेले कॉन्करन्स वर्ग करून जोडले, तर ती बेरीज त्या स्पिनच्या उरलेल्या सगळ्या जगाशी असलेल्या एकूण एंटँगलमेंटच्या मापापेक्षा, म्हणजे टँगलपेक्षा, जास्त होऊ शकत नाही. सातबाऱ्यावर नावं वाढली की जमीन तेवढीच राहते आणि एकेकाच्या वाट्याचं क्षेत्र घटतं, तसा हा प्रकार. आता आपल्या साखळीचा हिशेब मांडा. क्रिटिकल बिंदूवर एका स्पिनचं टँगल म्हणजे १ वजा चुंबकत्वाचा वर्ग: १ − ०.४०५ = ०.५९५. दोन बाजूंच्या दोन शेजाऱ्यांचा वाटा २ × ०.१९५ चा वर्ग, म्हणजे ०.०७६. पुढच्या शेजाऱ्यांचा वाटा मोजण्यात अर्थ नाही इतका कमी. म्हणजे एकूण टँगलपैकी जेमतेम १३ टक्के जोड्यांत आहे. बाकीचे ८७ टक्के कुठल्याही दोघांत नाहीत. ते तिघांत, चौघांत, मोठ्या घोळक्यांत वाटलेले आहेत. क्रिटिकल बिंदूवर एंटँगलमेंट नुसतं वाढत नाही, ते जोड्यांच्या हातून निसटून साऱ्या साखळीत पसरतं. माझ्या मते या विषयात विद्यार्थ्याने एकच गोष्ट पक्की करायची असेल तर ही.

अशाच आणखी एका साखळीचा हिशेब मला फार आवडतो, तो इथे दिल्याशिवाय राहवत नाही. अँटिफेरोमॅग्नेटिक हायझेनबर्ग साखळी, म्हणजे शेजारी स्पिन उलट दिशा धरू पाहतात आणि तिन्ही दिशांनी सारखी जोडणी. १९३१ च्या बेथेच्या पद्धतीने तिची ग्राउंड स्टेट (सर्वात कमी ऊर्जेची अवस्था) अचूक कळते आणि हुल्थेनने १९३८ मध्ये ऊर्जा काढली: प्रत्येक स्पिनमागे १/४ वजा २ चा नॅचरल लॉग, म्हणजे −०.४४३. तिन्ही दिशा सारख्या असल्यामुळे दोन स्पिनांची स्थिती एकाच आकड्यात मावते, तो म्हणजे ते दोघे सिंग्लेटमध्ये (एकूण स्पिन शून्य असलेल्या, पूर्ण एंटँगल जोडीत) सापडण्याची शक्यता. ती १/४ वजा सहसंबंध इतकी असते, आणि ऊर्जेचा आकडा घातला की नेमका २ चा नॅचरल लॉग उरतो, ०.६९३. कॉन्करन्स त्याच्या दुपटीतून १ वजा: ०.३८६. एक सोडून पुढच्या स्पिनशी सहसंबंध +०.१८२ आहे, सिंग्लेटची शक्यता ०.०६८, अर्ध्याच्या खूप खाली, कॉन्करन्स शून्य. तिसऱ्याशी सहसंबंध −०.१५१, शक्यता ०.४०१, पुन्हा अर्ध्याच्या आत, पुन्हा शून्य. सबंध क्रिटिकल साखळी, आणि जोडीचं एंटँगलमेंट फक्त लगतच्या शेजाऱ्याशी.

आता तुमची दुसरी तक्रार, एंट्रॉपी १ बिटवर अडकण्याची. क्षेत्र शून्याच्या जवळ नेलं की दोन अवस्था जवळजवळ सारख्या ऊर्जेच्या होतात: सगळे स्पिन वर, किंवा सगळे खाली. आकार मर्यादित असल्यामुळे त्या दोघींत अतिशय बारीक फट राहते, आकाराबरोबर घातांकी वेगाने कमी होणारी, आणि संगणक इमानेइतबारे त्या दोघींची बेरीज ग्राउंड स्टेट म्हणून देतो. हीच ती जीएचझेड अवस्था. तिच्यात कुठलाही तुकडा कापा, एंट्रॉपी १ बिट. कुठलीही जोडी घ्या, कॉन्करन्स शून्य. खऱ्या स्फटिकात असं नसतं, बाहेरचं इवलंसं क्षेत्र एक दिशा निवडायला भाग पाडतं. म्हणून दोन मार्ग आहेत. आयसिंग-दिशेत एक अगदी लहान क्षेत्र घाला, किंवा तो १ बिट कुठून आला ते प्रबंधात स्पष्ट लिहून पुढे चला. एका स्पिनची एंट्रॉपी क्रिटिकल बिंदूवर शिखर गाठते, असं जे वाचायला मिळतं ते सममिती मोडलेल्या अवस्थेसाठी आहे. तिथे ती ०.६८ बिट येते. तुमच्या सममित अवस्थेत तीच एंट्रॉपी कमी क्षेत्राकडे १ पर्यंत चढत जाते आणि शिखर दिसतच नाही. दोघांची उत्तरं बरोबर, अवस्था वेगळ्या. लहान क्षेत्र घालणार असाल तर ते फटीपेक्षा मोठं आणि बाकी सगळ्यापेक्षा खूप लहान हवं, आणि निकाल त्याच्या किमतीवर अवलंबून नाही हे दाखवायला हवं.

क्रिटिकल बिंदूवर शिखर बघायचंच असेल तर तुकड्याची एंट्रॉपी घ्या, पण तिथेही शिखराच्या उंचीपेक्षा आकारानुसार ती कशी वाढते ते बघा. क्रिटिकल बिंदूपासून दूर, जिथे ऊर्जेत फट आहे, तिथे एका मितीत तुकडा कितीही लांब केला तरी एंट्रॉपी एका मर्यादेवर थांबते. हेस्टिंग्जने २००७ मध्ये याची काटेकोर सिद्धता दिली. क्रिटिकल बिंदूवर ती थांबत नाही, लांबीच्या लॉगने वाढत राहते. होल्झी, लार्सन आणि विल्चेक यांनी १९९४ मध्ये कॉन्फॉर्मल फील्ड थिअरीतून (क्रिटिकल बिंदूचं वर्णन करणाऱ्या सिद्धांतातून) हे काढलं होतं. विदाल, लातोरे, रिको आणि किताएव यांनी २००३ मध्ये स्पिन साखळ्यांवर दाखवलं, आणि कालाब्रेझे-कार्डी यांनी २००४ मध्ये सूत्रांची पूर्ण मांडणी केली. वाढीचा गुणक सी/३, आणि सी हा सेंट्रल चार्ज, म्हणजे त्या सिद्धांतातला क्रिटिकल बिंदूचा प्रकार ओळखायचा आकडा: आयसिंगसाठी १/२, हायझेनबर्गसाठी १. बिटांच्या भाषेत सांगायचं तर आयसिंग साखळीत तुकडा दुप्पट केला की एंट्रॉपी १/६ बिटने वाढते. पूर्ण १ बिट वाढवायला तुकडा ६४ पट करावा लागतो. इतकी मंद वाढ १६ स्पिनांत काय दिसणार!

म्हणून दोन सल्ले. पहिला: आकार बदलण्याऐवजी एकाच रिंगमध्ये तुकड्याची लांबी बदला आणि आडव्या अक्षावर लांबीचा लॉग न घेता, (एन/पाय) गुणिले साइन (पाय × लांबी/एन) याचा लॉग घ्या. १६ च्या रिंगमध्येही बिंदू सरळ रेषेवर येतात, आणि उतारावरून सी बरा मिळतो. लॉग नॅचरल घेतलाय का दोनच्या पायाचा, हे आलेखावरच लिहा. याच एका गोंधळाने १/२ च्या जागी ०.७२ आलेला सी मी पाहिला आहे. दुसरा सल्ला: आयसिंग साखळीसाठी पूर्ण डायगोनलायझेशनची (ऊर्जेची अख्खी मॅट्रिक्स संगणकाने सोडवण्याची) गरजच नाही. २० स्पिन म्हणजे १० लाख ४८ हजार ५७६ मितींचा व्हेक्टर, २४ म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून जास्त. तिथून पुढे घरच्या लॅपटॉपचा दम लागतो. जॉर्डन-विग्नर रूपांतराने साखळी मुक्त फर्मिऑनांची, म्हणजे एकमेकांवर बल न लावणाऱ्या इलेक्ट्रॉनसारख्या कणांची, होते. मग एल स्पिनांच्या तुकड्याची एंट्रॉपी काढायला २एल × २एल मापाची एक सहसंबंध-मॅट्रिक्स पुरते. शेकडो स्पिन मिनिटांत होतात. मात्र हे एका सलग तुकड्यालाच चालतं. मध्ये जागा सोडून दोन तुकडे घेतलेत तर फर्मिऑनांची एंट्रॉपी आणि स्पिनांची एंट्रॉपी सारखी राहत नाही, कारण या रूपांतरात येणारी चिन्हांची साखळी, जॉर्डन-विग्नरची दोरी, मधल्या स्पिनांवरून जाते. ही अट विसरून काढलेले आलेख दिसायला सुंदर असतात.

मॉडेल असं सुटणारं नसेल तर डीएमआरजी (डेन्सिटी मॅट्रिक्स रीनॉर्मलायझेशन ग्रुप) वापरा, स्टीव्हन व्हाइटने १९९२ मध्ये दिलेली पद्धत. आयटेन्सर किंवा टेनपायसारखी पॅकेजं मोफत आहेत. ती पद्धत चालते तीच मुळात एका मितीत एंट्रॉपी कमी असते म्हणून. बाँड डायमेन्शनच्या (प्रत्येक कापावर ठेवलेल्या अवस्थांच्या संख्येच्या) लॉगपेक्षा जास्त एंट्रॉपी ती धरूच शकत नाही, त्यामुळे क्रिटिकल बिंदूवर ती न सांगता एंट्रॉपी छाटते. बाँड डायमेन्शन दुप्पट करून एंट्रॉपी हलते का, हे दर वेळी बघायचं. आणि डीएमआरजीत साखळी सहसा उघडी असते. उघड्या साखळीत टोकापासून कापलेल्या तुकड्याला एकच सीमा, म्हणून गुणक सी/३ नाही, सी/६.

प्रयोगाबद्दल. "एंटँगलमेंट मोजलं" या शब्दांखाली चुंबकीय पदार्थांत बहुतेक वेळा साक्षीदार-राशी मोजलेली असते: अमुक मर्यादा ओलांडली तर एंटँगलमेंट आहेच, नाही ओलांडली तर सांगता येत नाही. सर्वात सोपी साक्षीदार-राशी म्हणजे चुंबकीय ससेप्टिबिलिटी, लहान क्षेत्राला पदार्थ चुंबकत्वाने किती प्रतिसाद देतो ते. विसनियाक, वेद्राल आणि ब्रुकनर यांनी २००५ मध्ये दाखवलं की स्पिन १/२ असलेल्या पदार्थात तिन्ही दिशांची सरासरी ससेप्टिबिलिटी क्यूरी नियमाच्या (एकमेकांशी न जोडलेल्या स्पिनांसाठीच्या किमतीच्या) दोन-तृतीयांशाखाली गेली, तर ते स्पिन एंटँगलमेंटविना असूच शकत नाहीत. अट एवढीच की एकूण चुंबकत्व हॅमिल्टोनियनबरोबर (ऊर्जेच्या ऑपरेटरबरोबर) कम्यूट व्हायला हवं, म्हणजे काळानुसार ते बदलता कामा नये. हायझेनबर्ग पदार्थात ते होतं. तुमच्या आडव्या क्षेत्राच्या आयसिंग साखळीत होत नाही, म्हणून तिला हा निकष लावू नका. ब्रुकनर, वेद्राल आणि झाइलिंगर यांनी याच धर्तीवर कॉपर नायट्रेटची १९६० च्या दशकातली जुनी मोजमापं पुन्हा वाचली आणि साधारण ५ केल्विनखाली एंटँगलमेंट असल्याचं दाखवलं. नवा प्रयोग न करता जुन्या आकड्यांतून नवं काढण्याची ही तऱ्हा आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी उचलण्यासारखी आहे. ससेप्टिबिलिटी मोजणारा स्क्विड मॅग्नेटोमीटर आपल्या बऱ्याच संस्थांत असतो.

आयसिंगच्या बाजूला दोन पदार्थ माहीत असू द्या. लिथियम होल्मियम फ्लोराइड १.५३ केल्विनखाली फेरोचुंबक होतं, आणि बिट्को, रोझेनबाउम व एपली यांनी १९९६ मध्ये सुमारे ५ टेस्लाचं आडवं क्षेत्र देऊन ते चुंबकत्व शून्याजवळच्या तापमानाला मोडून दाखवलं. कोबाल्ट नायोबेट साखळीसारखं आहे. कोल्डिया आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ५.५ टेस्लाच्या क्रिटिकल क्षेत्राजवळ न्यूट्रॉन विखुरणाने पहिल्या दोन उत्तेजनांच्या ऊर्जांचं गुणोत्तर सुवर्ण गुणोत्तराकडे, १.६१८ कडे जाताना पाहिलं. हे अवस्थांतराचे प्रयोग आहेत, एंट्रॉपी यांत कुणी मोजलेली नाही. ती मोजायला एकेक कण हाताळता यावा लागतो. हार्वर्डमध्ये ग्राइनरच्या गटाने २०१५ मध्ये प्रकाशाच्या जाळीत चार अणूंच्या दोन एकसारख्या प्रती बनवून, त्यांचं व्यतिकरण घडवून रेन्यी एंट्रॉपी (एंट्रॉपीचंच, मोजायला सोपं असं वेगळं रूप) मोजली. इन्सब्रुकच्या गटाने २०१९ मध्ये पकडलेल्या आयनांवर यादृच्छिक दिशांनी मोजणी करून, दुसरी प्रत न बनवताच, तेच साधलं. या दोन्हींत येते ती दुसऱ्या क्रमांकाची रेन्यी एंट्रॉपी. तिचा लॉगचा गुणक सी/४ आहे, सी/३ नाही. प्रयोगाच्या आकड्यांशी तुलना करताना हे लक्षात ठेवा. तापमान शून्य नसेल तर तुकड्याच्या एंट्रॉपीत उष्णतेची एंट्रॉपी मिसळते, तेव्हा तिच्याऐवजी निगेटिव्हिटी (मिश्र अवस्थांनाही चालणारं एंटँगलमेंटचं माप) वापरावी लागते.

शेवटी एक साखळी सुचवतो, प्रकल्प पुढे न्यायचा असेल तर. चंचल कुमार मजुमदार आणि दीपन घोष यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून १९६९ मध्ये हायझेनबर्ग साखळीत एक सोडून पुढच्या शेजाऱ्याशीही जोडणी घातली. ती पहिल्या जोडणीच्या बरोबर निम्मी केली की ग्राउंड स्टेट एका ओळीत लिहिता येते: स्पिन दोन-दोन करून सिंग्लेटमध्ये बसतात, आणि एका जोडीचा दुसरीशी काही संबंध नाही. स्पिनमागे ऊर्जा उणे ३/८. ग्राउंड स्टेट दोन, कारण जोड्या सम बंधांवर किंवा विषम बंधांवर लागू शकतात. एंटँगलमेंट शिकायला याहून स्वच्छ उदाहरण नाही. कापाची जागा जोडीच्या मधून गेली तर १ बिट, दोन जोड्यांच्या मधून गेली तर शून्य, आणि लांबीशी काही घेणंदेणं नाही. शेजाऱ्यांचा कॉन्करन्स एका बंधावर १, पुढच्यावर ०. संगणकाला मोठी रिंग दिलीत आणि त्याने दोन्ही अवस्थांची सममित बेरीज केली, तर मात्र सगळ्या बंधांवर सारखाच ०.२५ येईल. तो १ आणि ० ची सरासरी ०.५ नाही, का नाही, हे स्वतः शोधा, कॉन्करन्स म्हणजे काय ते त्यातून नीट कळेल.

पण अवस्थांतर त्या निम्म्यावर नाहीच. ते त्याआधी, दोन जोडण्यांचं गुणोत्तर ०.२४११ असताना होतं, आणि ते कॉस्टरलिट्झ-थाउलेस नावाच्या, अतिशय मंद प्रकारचं आहे. फट इतक्या हळू उघडते की ऊर्जेचं कुठलंही डेरिव्हेटिव्ह फुटत नाही. शेजाऱ्यांचा कॉन्करन्स तिथून गुळगुळीत निघून जातो, त्याला पत्ताही लागत नाही. अर्ध्या साखळीची एंट्रॉपीही लहान आकारात मदत करत नाही. ओकामोटो आणि नोमुरा यांनी १९९२ मध्ये तो बिंदू पकडला तो ग्राउंड स्टेट बाजूला ठेवून: पहिल्या उत्तेजित सिंग्लेटची आणि ट्रिप्लेटची (एकूण स्पिन १ असलेल्या अवस्थेची) ऊर्जा कुठे एकमेकींना छेदतात ते लहान रिंगांत पाहिलं, आणि तो छेद आकाराबरोबर झपाट्याने स्थिरावतो. ८ ते १६ स्पिनांत तुमच्या सध्याच्या कोडनेच हे होईल, फक्त लँक्झोस पद्धतीकडून (मोठ्या मॅट्रिक्सच्या तळाच्या ऊर्जा काढणाऱ्या पद्धतीकडून) एकाऐवजी तीन-चार पातळ्या मागा आणि एकूण स्पिन वेगळा काढा. बिंदू सापडला की तिथेच तुकड्यांची एंट्रॉपी काढा. साध्या हायझेनबर्ग साखळीत लॉगच्या दुरुस्त्या सेंट्रल चार्जचा आकडा बिघडवतात आणि तो १ पासून जरा बाजूला राहतो. ०.२४११ वर त्या दुरुस्त्या नाहीशा होतात, आणि १६ स्पिनांच्या रिंगमधूनही सी = १ ची रेषा सरळ येते.